राजा सँडो : देह, अनुराग आणि भक्ती

दक्षिण भारतीय चित्रपटाच्या प्रारंभकाळातील दिग्दर्शकांत पी. के. राजा सँडो यांची गणना अग्रभागी होते. मराठी वाचकास मात्र हे नाव फारसे परिचित नाही. वस्तुतः त्यांच्या कारकीर्दीची पायाभरणी मुंबईत, एका मराठी चित्रपटकाराच्या छायेत झाली. खेळ, प्रणय आणि धर्म यांचे भावविवश मिश्रण ही हॉलिवूडची खास क्लृप्ती होय, असे सामान्यतः मानले जाते. राजा सँडो यांचे चरित्र पाहिले म्हणजे या समजुतीचा पुनर्विचार करणे अगत्याचे ठरते.

तमिळ प्रदेशातील पुदुक्कोट्टै येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव नागलिंगम. तारुण्यात त्यांनी व्यायामविद्येचा कसून अभ्यास केला. प्रशियात जन्मलेल्या युजेन सँडो या बलोपासकाची कीर्ती त्या काळी भारतभर पसरली होती. बिनबाह्यांच्या बनियनला आपण आजही त्याच्याच नावाने ओळखतो. १८९४ साली या सँडोने एडिसनच्या कॅमेऱ्यापुढे आपल्या पीळदार स्नायूंचे प्रदर्शन केले होते. पडद्यावर कथा अवतरण्यापूर्वीच बलवंताचा देह अवतरला होता, असा याचा अर्थ. नागलिंगम यांनी तेच नाव धारण केले आणि पुढे जग त्यांना राजा सँडो म्हणूनच ओळखू लागले.

मुंबईत श्रीनाथ पाटणकर यांच्या नॅशनल फिल्म कंपनीत ते प्रथम साहसदृश्यांसाठी दाखल झाले. १९२२ सालच्या ‘भक्त बोडाणा’ या चित्रपटात त्यांना वाव मिळाला, आणि १९२३ साली ‘वीर भीमसेन’ने त्यांचे नाव झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. महाराष्ट्रातील प्रत्येक तालमीत मारुतीची स्थापना असते. शरीर कमावणे हा आपल्याकडे उपासनेचाच एक प्रकार मानला गेला आहे. त्यामुळे आखाड्यातील देह पुराणकथेत शिरला, तेव्हा प्रेक्षकाला त्यात काहीच उपरे वाटले नाही. पुढे चंदुलाल शाह यांच्या ‘टायपिस्ट गर्ल’ (१९२६) आणि ‘गुणसुंदरी’ (१९२७) या सामाजिक चित्रपटांत हाच देह सुलोचना व गोहर या नायिकांसमवेत आधुनिक प्रणयी पुरुषाच्या रूपात वावरला.

१९३०च्या सुमारास राजा सँडो तेव्हाच्या मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, आले आणि आर. पद्मनाभन यांच्या असोसिएटेड फिल्म कंपनीसाठी मूकपट दिग्दर्शित करू लागले. वै. मु. कोदैनायकी अम्माळ यांच्या कादंबरीवरील ‘अनादै पेण्’ (१९३१) हा त्यांपैकी एक. तथापि, अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक विचारणीय आहे तो ‘नंदनार’ (१९३०). चिदंबरच्या मंदिराबाहेर थोपविल्या गेलेल्या या अस्पृश्य भक्ताची कथा आपल्या चोखोबांची आठवण करून देते. तमिळ जनमानसात ती रुजली गोपालकृष्ण भारती यांच्या कीर्तनांतून. मूकपटात मात्र गायनास स्थान नाही; तेथे भक्ताची तळमळ केवळ शरीराच्या भाषेतून व्यक्त होणे प्राप्त होते.

बोलपट आला आणि ही परिस्थिती पालटली. १९३५ साली ‘मेनका’द्वारे राजा सँडो तमिळ बोलपटाकडे वळले. पडद्यावर आता कमावलेल्या बाहूंपेक्षा कमावलेल्या कंठाचे राज्य सुरू झाले. १९३९ साली त्यांनी ‘तिरुनीलकंठर’ दिग्दर्शित केला तो त्यागराज भागवतर या गायकनटास नायक करून. कथा मूळची सेक्किळार यांच्या ‘पेरियपुराणम्’मधील. चिदंबर येथील शिवभक्त कुंभार गणिकेकडे जातो. पत्नी नीलकंठाची शपथ घालून आम्हांस स्पर्श करू नका असे बजावते. तिने अनेकवचन वापरले म्हणून तो समस्त स्त्रीजातीचाच स्पर्श वर्ज्य करतो. दोघे एका छपराखाली, परस्परांस न शिवता, वृद्ध होतात. अखेर योगिवेषधारी शिव त्यांना हात धरून तळ्यात बुडी मारावयास सांगतो. व्रत मोडू नये म्हणून ती दोघे वेळूच्या काठीची दोन टोके धरून बुडी घेतात आणि तरुण होऊन वर येतात.

महिपतींनी वर्णिलेल्या गोरोबांच्या चरित्राशी हिचे साम्य विलक्षण आहे. तेथेही कुंभारच, पत्नीने घातलेली विठ्ठलाची शपथच, आणि गमावलेले हात ईश्वरकृपेने परत मिळणेच. दोन वर्षांनी, १९४१ साली, हॉलिवूडमध्ये ‘हिअर कम्स मिस्टर जॉर्डन’ हा चित्रपट आला. त्यात मुष्टियोद्ध्याचा आत्मा चुकीने वेळेआधीच परलोकी नेला जातो आणि त्याला दुसऱ्या देहात परतावे लागते. प्रेमही त्याला त्या परक्या देहातच लाभते. मात्र तेथे देह हिरावला जातो तो देवदूताच्या गफलतीने आणि त्याची भरपाई होते ती तक्रारीने; आपल्याकडे भक्त देहाचा त्याग स्वतः करतो आणि देव तो परत देतो. तेव्हा हॉलिवूडचे अनुकरण एवढे म्हणून या चित्रपटांची बोळवण करणे अन्यायाचे होईल.

‘आरैच्चिमणि’ (१९४२) नंतर ‘शिवकवी’चे काम त्यांनी हाती घेतले, ते श्रीरामुलु नायडू यांनी पुरे केले. १९४०च्या दशकाच्या पूर्वार्धातच राजा सँडो यांचे निधन झाले. पुढे तमिळनाडू शासनाने चित्रपटक्षेत्रातील एका सन्मानास त्यांचे नाव दिले. परंतु ‘मार्तंड वर्मा’सारखा अपवाद वगळता दक्षिणेतील मूकपटांपैकी आज जवळजवळ काहीच उरलेले नाही. ज्या देहाच्या बळावर त्यांनी बलवंत, प्रणयी आणि भक्त या तिन्ही भूमिकांना एकत्र आणले, त्याचा ‘नंदनार’मधील वारसा अभ्यासकास प्रत्यक्ष पाहता येत नाही. तमिळ आणि मराठी चित्रपटेतिहासाचा एकत्र अभ्यास झाल्यास निदान त्याची कागदोपत्री उकल होऊ शकेल. मुंबई आणि चेन्नई या दोन्ही नगरींवर त्यांचे तेवढे ऋण आहे.