विश्लेषण : डबल बास सुटला, पण बोटातून गेला नाही… जेम्स जॅमरसन यांनी बास गिटार कशी बदलली?

बास गिटार वाजवणारे अनेक जण पुढे डबल बासकडे वळतात आणि पहिल्याच दिवशी बोटांना फोड आणतात. जेम्स जॅमरसन यांचा प्रवास नेमका उलटा होता. ते डबल बासवरून बास गिटारकडे आले. जुन्या वाद्याच्या सवयी त्यांनी टाकल्या नाहीत, त्या नव्या वाद्यावर नेल्या आणि त्यातूनच १९६०च्या दशकातील अमेरिकी पॉप संगीताचा पाया घडला. त्यांचे नाव मात्र बहुतेक श्रोत्यांना त्यांच्या मृत्यूनंतरच कळले.

दोन वाद्यांत फरक काय?

दोन्ही वाद्यांच्या चार तारा साधारणपणे सारख्याच स्वरांत लावतात. साम्य जवळपास तिथेच संपते. डबल बास माणसापेक्षा उंच असतो आणि उभे राहून किंवा उंच स्टुलावर बसून वाजवतात. सारंगी किंवा व्हायोलिनप्रमाणे त्याला पडदे नसतात. स्वर कुठे आहे हे कान आणि हातच ठरवतात. तारेची वाजती लांबी सुमारे ४२ इंच असते. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या ‘प्रिसिजन बास’ची लांबी ३४ इंच होती आणि तिला फ्रेट म्हणजे पडदे होते. बोट पडद्यामागे ठेवले की स्वर अचूक लागणार, म्हणून हे नाव. ती गळ्यात अडकवता येई, गाडीत मावे आणि अॅम्प्लिफायरमुळे ड्रमच्या गोंगाटातही ऐकू येई.

जॅमरसन डबल बासकडे कसे वळले?

त्यांचा जन्म २९ जानेवारी १९३६ रोजी साउथ कॅरोलायनातील एडिस्टो बेटावर झाला. १९५४ मध्ये ते आईसोबत मोटारींचे शहर असलेल्या डेट्रॉइटला आले. तिथे नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये शिकताना त्यांनी डबल बास हाती घेतला. पुढे शहरातील जॅझ आणि ब्लूजच्या क्लबांत त्यांचे नाव होऊ लागले. १९५९ पासून बेरी गॉर्डी यांच्या स्टुडिओत त्यांना काम मिळू लागले. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या घरातला हा स्टुडिओ पुढे ‘मोटाउन’ म्हणून जगभर गाजला. तिथल्या वादकांच्या चमूला ‘फंक ब्रदर्स’ म्हणत. मेरी वेल्स यांच्या १९६४ मधील ‘माय गाय’मध्ये जॅमरसन यांचा डबल बासच ऐकू येतो.

नव्या वाद्यावर जुनी सवय कशी टिकली?

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीस त्यांनी फेंडर प्रिसिजन बास घेतली. उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरून ते तार छेडत. जॅझमधील डबल बासवादक जाड तारा अशाच एका बोटाच्या जोरावर ओढतात. त्यांच्या या बोटाला सहकारी ‘द हूक’ म्हणत. तारा फ्लॅटवाउंड प्रकारच्या, म्हणजे जाड आणि गुळगुळीत असत. तुटल्याशिवाय ते त्या बदलत नसत. तारा पट्टीपासून इतक्या उंच ठेवलेल्या असत, की इतरांना ती गिटार वाजवणे जड जाई. घोडीवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा असे. त्यामुळे स्वर रेंगाळत नसे. डबल बाससारखा ठोस उमटून लगेच विरे. मोकळ्या तारांचा सढळ वापर हीसुद्धा डबल बासचीच सवय. एका जागेवरून दुसऱ्या जागी हात नेताना मोकळी तार वाजवली की क्षणभर उसंत मिळते.

त्यांचे वादन वेगळे का ठरले?

तोपर्यंत पॉप गाण्यात बासचे काम मूळ स्वर धरून ठेवण्याचे होते. जॅमरसन यांनी जॅझमधली चाल तिथे आणली. स्वरांची पायरीपायरीने चढउतार, तालाला तिरका जाणारा आघात, मध्येच धरलेला श्वास. ‘फोर टॉप्स’चे १९६७ मधील ‘बर्नाडेट’ केवळ बासकडे लक्ष देऊन ऐकले, तर गाण्याखाली दुसरी चाल चालू असल्याचे जाणवते. तरीही गायक कुठेच झाकला जात नाही. ‘बीटल्स’चे पॉल मॅकार्टनी यांनीही त्यांचा प्रभाव मान्य केला आहे.

श्रेय का मिळाले नाही?

मोटाउनच्या तबकड्यांवर गायकांचे नाव असे, वादकांचे सहसा नसे. मार्विन गे यांच्या १९७१ मधील ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ अल्बमवर वादकांची नावे छापली गेली, तेव्हा जॅमरसन यांना या कंपनीत बारा वर्षे झाली होती. त्या गाण्याच्या वेळी ते इतके प्यायले होते, की जमिनीवर पाठ टेकून त्यांनी बास वाजवली, असे सांगितले जाते. १९७२ मध्ये मोटाउनने आपला मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला. जॅमरसनही तिकडे गेले. पण जुना चमू विखुरला होता, संगीताची चव बदलत होती आणि दारू सुटत नव्हती. १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा भव्य सोहळा झाला, तेव्हा ते मंचावर नव्हते, प्रेक्षकांत होते. त्यांची १९६२ची लाडकी बास त्याच वर्षी चोरीला गेली. त्यानंतर काही दिवसांतच, २ ऑगस्ट १९८३ रोजी, वयाच्या ४७व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर काय झाले?

१९८९ मध्ये त्यांच्या जीवनावर आणि वादनावर पुस्तक आले. २००० मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने साथसंगत करणाऱ्या वादकांसाठी नवे दालन उघडले आणि पहिल्याच तुकडीत त्यांना स्थान दिले. २००२ मध्ये फंक ब्रदर्सवरील माहितीपट पडद्यावर आला.

आजच्या शिकणाऱ्यांसाठी धडा काय?

बास गिटारवरून डबल बासकडे जाणाऱ्याला पडद्यांचा आधार सोडून कानावर विसंबावे लागते. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मिळून एका बोटाचे काम करतात आणि बळ बोटांपेक्षा खांद्यातून आणावे लागते. जॅमरसन यांचे चरित्र सांगते, की वाद्य बदलताना आधीचे शिक्षण वाया जात नाही. मात्र त्यांची गाणी मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकू नका. त्यातून बासच गळून जातो. इअरफोन लावा.