विश्लेषण : नारायण वामन टिळकांनी आश्रय, नोकरी आणि घर पणाला का लावले?

अकोला, अमरावती परिसरातील अनेक मराठी चर्चमध्ये आजही रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने म्हटली जातात. शालेय पाठ्यपुस्तकांतून ते 'फुलामुलांचे कवी' म्हणून परिचित झाले. पण विदर्भात नाव आणि आधार मिळाला असताना त्यांनी धर्मांतर केले आणि त्याची मोठी किंमत त्यांच्यासह घरच्यांनी मोजली, ही बाजू फारशी बोलली जात नाही.

टिळकांचा विदर्भाशी संबंध काय?

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाईंच्या मृत्यूनंतर वडिलांशी पटेना, म्हणून त्यांनी लहानपणीच घर सोडले. नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८८० मध्ये त्यांचा मनकर्णिका गोखले, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. बरीच वर्षे भटकंती केल्यावर ते नागपूरला आले. तिथे अप्पासाहेब बुटी यांनी त्यांना ग्रंथविषयक कामासाठी आश्रय दिला. 'ऋषी' या मासिकाचे संपादन, संस्कृत वक्तृत्व आणि कविता यांमुळे त्यांचा लौकिक वाढला. पुढे राजनांदगाव संस्थानात नोकरीही मिळाली. संसाराची घडी प्रथमच बसू लागली होती.

मग बदल कशामुळे झाला?

१८९३च्या सुमारास रेल्वेप्रवासात एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचायला दिले. जातिभेद आणि समाजाची दुर्बलता हे प्रश्न टिळकांना आधीपासून छळत होते. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. मात्र त्यांनी घाई केली नाही. मुंबईचे डॉ. जस्टिन अबट यांच्याशी पत्रव्यवहार करून शंका विचारल्या, आणि दोन वर्षे मनाशी झगडा चालला. हा कल उघड होताच लोक दुरावले. गप्प राहिले असते तर आश्रय टिकला असता. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत कोणी मोजली?

टिळकांची जात, नातेवाईक आणि प्रतिष्ठा एका दिवसात सुटली. पण निर्णय त्यांचा असला तरी त्याचा मोठा भार लक्ष्मीबाईंवर पडला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पंढरपुरात नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पती जिवंत असूनही दुरावलेला, आणि समाजाच्या नजरा बोचणाऱ्या, अशी त्यांची अवस्था होती. काही वर्षांच्या वियोगानंतर त्या अहमदनगरला आल्या, तेव्हाही सोवळे सांभाळून वेगळ्या राहिल्या. टिळकांनी सक्ती केली नाही, वाट पाहिली. लक्ष्मीबाईंचे मन हळूहळू पालटले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही सारी कहाणी त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. हाती पैसा न टिकणाऱ्या पतीचा संसार ओढताना झालेली ओढाताणही त्यात त्यांनी लपवलेली नाही.

नव्या धर्मात सुख मिळाले का?

ऐहिक सुख फारसे नाही. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांनी अध्यापन केले. १८९९-१९००च्या दुष्काळात वऱ्हाडही होरपळले होते. अकोल्यात अलायन्स मिशनने अनाथ मुलांना आसरा दिला. नगरला टिळक दांपत्यानेही अनाथ मुलांना जवळ केले. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले. कवी बालकवींना त्यांनी घरच्या मुलासारखे सांभाळले.

ते मिशनमध्येच का रमले नाहीत?

ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे, हे त्यांना मान्य नव्हते. अभंग-ओवीच्या वळणाची भजने रचून त्यांनी उपासना मराठी केली. मराठी ख्रिस्ती भजनसंग्रहात त्यांच्या अडीचशेहून अधिक रचना गेल्या. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगारही सोडला. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. नागपुरात मिळालेल्या स्थैर्याप्रमाणे हे स्थैर्यही त्यांनी आपणहून दूर केले.

मागे काय उरले?

हा प्रयोग रुजण्याआधीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. येशूच्या चरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले. त्याचे पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या निर्णयामुळे एकेकाळी त्यांचे घर मोडले होते, त्याच निर्णयातून सुरू झालेले काम त्यांनी स्वतःच्या हाताने पुढे नेले.