पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. आई लक्ष्मीबाई पहाटे उठवून त्यांना संस्कृत शिकवीत. (आपल्याला सात वाजता उठायचं तरी जिवावर येतं!) पुढे दुष्काळात आईवडील वारले.

१८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत आल्यावर १८८९ मध्ये मुंबईत मुलींसाठी शारदासदन काढले. ते नंतर पुण्यास नेले.

१८९६ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. सदनात जागा नव्हती, पैसाही बेताचाच. दुसरं कोणी म्हणालं असतं, आधी सोय करू, मग बघू. पण उपास म्हणजे काय, हे रमाबाईंना चांगलं ठाऊक होतं. सोय होईपर्यंत मुली थोड्याच जगणार? हे काम देवानेच सोपवले आहे, तोच पुरवील, असा भरवसा ठेवून त्या निघाल्या. सुमारे ३०० मुली आणल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावच्या शेतात झोपड्या घातल्या. तेच मुक्तिसदन.

साध्या बायकांना समजेल असे मराठी बायबल त्यांना करायचे होते. त्यासाठी पन्नाशीच्या सुमारास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या! ऐकू कमी येई. १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा वारली. तरी लेखणी खाली ठेवली नाही. मुक्तिसदनातल्या बायकाच छापखान्यात खिळे जुळवीत. रमाबाई प्रुफे तपाशीत.

५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. भाषांतराचे काम तेव्हा पुरे झाले होते. पुस्तक १९२४ साली बाहेर पडले.