चवदार तळ्याचा खटला : बाबासाहेबांनी कोर्ट कसे वापरले?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्या वस्तीतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. त्याच पाण्यासाठी पुढे सव्वानऊ वर्षे कोर्टात चाललेला लढा मात्र आपण क्वचितच आठवतो.

१२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला. तळे खासगी आहे आणि तिथे अस्पृश्यांना मज्जाव ही पूर्वापार वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम निघाला. २५ डिसेंबरच्या परिषदेला हजारो लोक जमले होते, तुरुंगात जायलाही तयार होते. बॅरिस्टर असलेले बाबासाहेब या दाव्यात स्वतः प्रतिवादी होते. त्यांनी लोकांची समजूत घालून सत्याग्रह तहकूब केला, पण चळवळ थांबवली नाही. त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले.

१९३१ साली महाडच्या कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानेही सवर्णांचे अपील फेटाळले. मज्जावाची वहिवाट अनादि काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही, हा त्या निकालाचा आधार होता. अस्पृश्यताच बेकायदा आहे, असे कोर्टाने म्हटले नव्हते. वहिवाटीचा पुरावा भक्कम निघाला असता तर?

त्याचे उत्तर संविधानाने दिले. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम ३२ ने मूलभूत हक्कांसाठी थेट सुप्रीम कोर्टाचे दार उघडले. या कलमाला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा मानले. तरीही न्यायाधीश चुकू शकतात, हे ते जाणून होते. १९५१ साली सुप्रीम कोर्टाने मद्रासमधील शैक्षणिक आरक्षणाचा आदेश रद्द केला, तेव्हा कायदामंत्री बाबासाहेबांनी संसदेत त्या निकालावर टीका केली. पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५(४) आले आणि शिक्षणातील आरक्षणाला आधार मिळाला.

आज आपले राजकीय प्रश्नही कोर्टातच सुटू लागले आहेत. १ ऑगस्ट २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी सहा विरुद्ध एक मतांनी अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी दिली. त्यावर आपल्यातही मतभेद आहेत. पण निकालपत्र न वाचता जल्लोष किंवा निषेध करणे, हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हे. रस्ता, कोर्ट आणि संसद या तिन्ही ठिकाणी ते लढले. आम्हाला वाटते, आपल्या तरुणांनीही यातले एकही मैदान मोकळे सोडू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!