माणसं घडवणारा कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्कर



आपल्या पेण-रोह्याकडच्या कितीतरी घरांतून रोज कुणीतरी धाटावच्या एमआयडीसीत किंवा डोलवीच्या पोलाद कारखान्यात कामाला जातं. 'लीन मॅन्युफॅक्चरिंग'चं ट्रेनिंग आहे, असं घरात कधीतरी मुलांच्या कानावर पडतं. मग मुलं विचारतात, हे लीन म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर माल, वेळ आणि मेहनत वाया जाऊ न देता काम करण्याची ही पद्धत. वस्तू जागच्या जागी ठेवायच्या, चूक झाली तिथेच पकडायची, आणि काम करणाऱ्यालाच सुधारणा सुचवायला शिकवायचं. ती घडली जपानच्या टोयोटा कंपनीत. 'लीन' हे नाव तिला मिळालं १९८८ साली. पण कामगार शिकवून तयार करावा लागतो, हे त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या एका शिक्षकाने करून दाखवलं होतं. आज त्यांचीच माहिती पाहू.

जन्म आणि शिक्षण

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचं मन फारसं रमत नसे. ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधाराने ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. तिथे दोन वर्षांनी कळलं, की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच संपलं.

दुसरा कुणी असता तर घरी परत गेला असता. लक्ष्मणरावांनी यांत्रिक रेखाचित्रं शिकून घेतली, कारण त्यात रंग लागत नाहीत. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. फावल्या वेळात तिथल्या वर्कशॉपमध्ये स्वतः यंत्रं हाताळत. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले.

सायकलपासून नांगरापर्यंत

बेळगावात भावाभावांचं सायकलींचं दुकान होतं. तिथूनच कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर तयार झाला. पण शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष पसरेल, अशी भीती त्यांच्या मनात होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. त्या वेळी औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन आणि कर्ज दिलं. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे.

माणसं कुठून आणली?

आता मुलांना हा प्रश्न विचारा : माळरानावर तयार कारागीर कुठून येणार? लक्ष्मणरावांनी जी माणसं मिळाली त्यांनाच शिकवलं. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडलेली, पण पुढे ते कल्पक इंजिनिअर म्हणून नावाजले. परीक्षेत नापास झालेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले. मंगेशराव रेगे कारकून होते, ते मुख्य हिशेबनीस झाले. गुन्हेगार ठरलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यावर वसाहतीच्या राखणीचं काम सोपवलं, आणि त्यांनी ते इमानाने केलं. वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती.

पुढची पिढीही त्यांनी आयती खुर्चीत बसवली नाही. मुलगा शंतनुराव याला अमेरिकेतल्या एमआयटीत इंजिनिअरिंग शिकायला धाडलं. १९२६ साली तो परत आला आणि कारखान्यात कामाला लागला. म्हणजे कामगाराने शिकायचं आणि मालकाने फक्त हुकूम सोडायचे, असा तिथे प्रकार नव्हता.

काहीही वाया जाऊ न देण्याची सवय अडचणीत कामाला आली. पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येईनात, त्यामुळे मागणी वाढली, पण लोखंडच मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले!

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं.

टोयोटाशी जुळलेलं नातं

टोयोटाचं मूळ ज्यांच्यापाशी जातं ते साकिची टोयोडा १८६७ साली जन्मले, म्हणजे लक्ष्मणरावांपेक्षा दोनच वर्षांनी मोठे. सुताराचा हा मुलगा यंत्रमाग बनवायचा, आणि धागा तुटला की त्याचा माग आपोआप थांबायचा. चूक पुढे जाऊ द्यायची नाही, हा लीनचा पाया तिथलाच. पुढे १९९७ साली टोयोटा आणि किर्लोस्कर ही दोन नावं बेंगळुरूजवळ बिडदीच्या कारखान्यावर एकत्र आली. तिथे २००७ पासून एक प्रशिक्षण संस्थाही आहे. कर्नाटकातल्या खेड्यांतली दहावी झालेली मुलं तिथे राहून तीन वर्षं काम शिकतात.

आपण काय करू शकतो?

शिक्षकांनो, वर्ग घेऊन पेणच्या एखाद्या गणपती कारखान्यात जा. साचा, घासकाम, रंग, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. कुठे मूर्ती थांबून राहतात, कुठे हात रिकामे राहतात, हे मुलांना वहीत लिहायला सांगा. नवा मुलगा कोणतं काम आधी शिकतो आणि डोळे रेखायला त्याला किती वर्षं लागतात, हेही त्यांनी विचारावं. लीनचा पहिला धडा तिथेच होईल.

आणि पालकहो, दहावीत मागे पडलेला मुलगा 'आता काय, कंपनीत लागेल' असं आपण सहज बोलून जातो. लागेल तर लागू दे. पण तिथे त्याला कोण, काय शिकवणार आहे, हे आधी विचारा. हात फक्त राबवून घेणारी जागा वेगळी आणि हात घडवणारी जागा वेगळी. फळणीकर आणि कुलकर्णी यांना दुसरी जागा मिळाली. आपल्या मुलांसाठीही आपण तीच शोधली पाहिजे.