सरस विकणाऱ्याने बांधलेले सभागृह

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, हे आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच शहरात, कोलंबियापासून बरीच दूर दक्षिणेला, तपकिरी दगडांची एक इमारत तेव्हा ५४ वर्षांची झाली होती. तिच्या तळघरातल्या सभागृहात दिवसभराच्या कामावरून सुटलेले मजूर, कारागीर, शिवणकाम करणाऱ्या मुली रात्री येऊन बसत. विज्ञान, कला, इतिहास, राज्यकारभार अशा विषयांवरची व्याख्याने ऐकत. त्यासाठी त्यांना एक पैसाही द्यावा लागत नसे. त्या इमारतीशी बाबासाहेबांचे नाते जोडण्याचा माझा इरादा नाही. अशी ओढूनताणून नाती जोडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला सांगायचे आहे ते इमारत बांधणाऱ्या माणसाबद्दल. त्याचे नाव पीटर कूपर आणि इमारतीचे नाव कूपर युनियन.

कूपर यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७९१ चा, न्यूयॉर्क शहरातलाच. बाप टोप्या बनवायचा. पुढे त्याने दारू गाळून पाहिली, विटा पाडून पाहिल्या, पण एकाही धंद्यात जम बसला नाही. बापाचा धंदा बदलला की पोराचे कामही बदलायचे. टोप्यांसाठी सशाच्या कातड्यावरचे केस उपटणे हे त्याचे लहानपणीचे काम. शाळा म्हणाल तर सगळे दिवस जमेस धरूनही वर्षभराची भरत नाही. सतराव्या वर्षी घोडागाड्या बनवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीला लागले, जेवणखाण आणि वर्षाला २५ डॉलर या बोलीवर. थोडे पैसे साठले ते लॉटरीत घातले आणि गमावले. थोर माणसांच्या चरित्रातून अशा गोष्टी गाळायची आपल्याला सवय आहे, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

त्या उमेदवारीच्या काळात त्यांना रात्री शिकायचे होते. दिवसा हात मोकळे नव्हते, रात्री होते. पण एवढ्या मोठ्या शहरात मजुराच्या पोराला रात्री शिकवणारी शाळा त्यांना सापडली नाही. ही सल त्यांच्या मनात पन्नास वर्षे राहिली आणि पुढचे सगळे तिच्यातूनच निघाले. ज्यांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसावे लागले, त्यांच्या लेकरांना ही सल काय असते हे समजावून सांगण्याची गरज नाही.

यंत्रांकडे त्यांचा ओढा उपजत होता. गाडीच्या चाकाचा तुंबा कोरण्याचे यंत्र त्यांनी उमेदवारीतच केले. पुढे कापडाची लव कातरणारी यंत्रे करून विकली. १८१३ साली सारा बेडेल यांच्याशी लग्न झाले. सहा मुले झाली, त्यांतली दोनच जगली. लाकडी सामान विकले, किराणा दुकान चालवले आणि १८२१ साली एक बंद पडत आलेला कारखाना विकत घेतला. हा कारखाना सरसाचा होता.

सरस कशाचा होतो? गुरांच्या खुरांचा, हाडांचा, कातड्याच्या तुकड्यांचा. कत्तलखान्यातून उरलेले सगळे आणायचे, मोठ्या कढयांत उकळायचे, गाळायचे, वाळवायचे. या कामाचा वास काय असतो ते आपल्या आजोबा-पणजोबांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. आपल्या देशात मेलेल्या जनावराचे कातडे आणि हाडे ज्यांच्या वाट्याला दिली गेली, त्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले आणि तो वास त्यांच्या जन्माला चिकटवला गेला. म्हणून तर १९२७ साली महाडला बाबासाहेबांना मेलेली ढोरे ओढणे सोडा असे सांगावे लागले. इथे कूपर स्वतः पहाटे उठून भट्टी पेटवत, दुपारी माल विकायला जात, रात्री हिशेब लिहीत. त्याच खुरा-हाडांतून ते न्यूयॉर्कच्या श्रीमंतांत जाऊन बसले आणि त्यांना कोणी पंक्तीतून उठवले नाही. काम तेच होते, पण तिथे ते जातीने त्यांच्या कपाळी मारलेले नव्हते. मात्र अमेरिका म्हणजे स्वर्ग होता असे कोणी समजू नये. त्याच न्यूयॉर्क राज्यात १८२७ पर्यंत काळा माणूस कायद्याने गुलाम होता, तेव्हा कूपर ३६ वर्षांचे होते. आणि त्यांच्या कारखान्याच्या घाणीने शेजारचे सनफिश तळे इतके नासले की शेवटी १८३९ साली ते आटवावे लागले, हेही खरे आहे.

सरसाच्या पैशातून त्यांनी बाल्टिमोरला जमीन घेतली आणि लोखंडाचा धंदा सुरू केला. १८३० साली तिथल्या रेल्वे कंपनीसाठी 'टॉम थंब' नावाचे लहानसे वाफेचे इंजिन जोडले. नळ्या मिळेनात तेव्हा बंदुकीच्या नळ्या वापरल्या. त्या इंजिनाची घोड्याशी शर्यत लागली आणि चालत्या यंत्राचा पट्टा निसटल्याने घोडा जिंकला, ही गोष्ट अमेरिकेतल्या मुलांच्या पुस्तकांत असते. पुढे ट्रेंटनला लोखंडाचा कारखाना निघाला, इमारतींसाठी लोखंडी तुळया तयार होऊ लागल्या. अटलांटिकच्या तळातून तारेची केबल टाकण्याच्या उद्योगातही ते १८५४ पासून पुढे होते. हे सगळे विस्ताराने लिहिता येईल, पण कारखानदार त्या काळात पुष्कळ झाले.

१८३० च्या सुमारास पॅरिसहून परतलेल्या एका परिचिताने त्यांना तिथल्या तंत्रशाळेची हकिगत सांगितली. व्याख्याने ऐकायला मिळावीत म्हणून गरीब पोरे तिथे कोरड्या पावावर दिवस काढतात, ही ती हकिगत. कूपर यांच्या मनातले जुने दुखणे उसळून वर आले. त्यांनी शहरात एकेक करून जमिनीचे तुकडे घ्यायला सुरुवात केली. १८५३ साली पायाभरणी झाली. मध्ये १८५७ ची मंदी आली, तरी १८५९ साली इमारत उभी राहिली. खर्च सहा लाख डॉलरांच्या वर गेला. ट्रेंटनच्या लोखंडी तुळया तिच्यात वापरल्या होत्या. माणसांना वर नेणारी लिफ्ट अजून कुठे रुळलेली नव्हती, पण पुढे ती येणारच म्हणून त्यांनी तिच्यासाठी एक उभी पोकळी आधीच ठेवली, आणि तीही गोल. पुढे लिफ्ट आली ती चौकोनी! मोठे सभागृह मात्र तळघरात घेतले. आग लागून गर्दी उसळली, तर जिना उतरताना माणसे एकमेकांवर कोसळतात, चढताना तेवढी कोसळत नाहीत, असा त्यांचा हिशेब होता.

पहिल्याच वर्षी रात्रीच्या वर्गांसाठी रांगा लागल्या. गणित, रसायन, यंत्रांचे चित्रलेखन हे विषय. स्त्रियांसाठी दिवसा चित्रकला आणि नक्षीकामाची शाळा होती. पुढे तारायंत्राचा वर्गही निघाला, म्हणजे बाईला स्वतःच्या हाताने मिळवता यावे. वाचनालय रात्री दहापर्यंत उघडे. तिथे बसून वर्तमानपत्र वाचायला ना वर्गणी, ना शिफारस. कामकरी माणसाचा वेळ पाहून ज्ञानाने आपली वेळ ठरवावी, ही यातली खरी गोष्ट. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढताना बाबासाहेबांनी वर्ग सकाळी भरवले. पोरांना दहा वाजता कचेरी गाठायची असते, हे त्यांना परळच्या चाळीतून दिसत होते.

आता वकील म्हणून मला ज्याचे अप्रूप वाटते ते सांगतो. कूपर यांनी इमारत स्वतःकडे ठेवून उपकार वाटले नाहीत. १८५९ च्या एप्रिलमध्ये विश्वस्तपत्र करून त्यांनी ती विश्वस्तांच्या हवाली केली. मोफत रात्रवर्ग, मोफत वाचनालय, स्त्रियांचे शिक्षण हे उद्देश त्यात लिहून ठेवले. धर्ममताची अट कोणालाही घालायची नाही, हे त्यांचे धोरण होते. आणि केवळ यंत्रविद्या नव्हे, तर न्याय्य राज्यव्यवस्था कशी असते, समाज कसा चालतो, याचीही नियमित व्याख्याने झाली पाहिजेत असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे मजुराला चांगला मजूर करण्यापुरते शिकवून थांबायचे नव्हते. त्याला नागरिक करायचे होते. दान देणाऱ्याची मर्जी फिरली की दान संपते. लिहून दिलेला उद्देश मात्र कोर्टात उभा राहतो. आपल्याकडच्या न्यासांच्या कितीतरी घटना मी वाचल्या आहेत. उद्देशात गरिबांना मोफत शिक्षण असे ठळक लिहिलेले असते आणि दारात देणगीची पावती फाडणारा बसलेला असतो. कागद तिथेही असतो. तो कागद घेऊन भांडणारा नसतो, एवढेच.

हा सगळा खर्च चालायचा कसा? तळमजल्याची दुकाने भाड्याने दिलेली, सभागृहही बाहेरच्या सभांना भाड्याने मिळे. २७ फेब्रुवारी १८६० रोजी अब्राहम लिंकन इथे गुलामगिरीच्या प्रश्नावर बोलले आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या वाटेला लागले. त्या सभेला २५ सेंटचे तिकीट होते. तो पैसा मोफत वर्गांच्या कामी आला, यात मला काही वावगे दिसत नाही. दिवसा येणाऱ्या काही ऐपतदारांकडूनही सुरुवातीला फी घेत. ती १९०२ नंतर अँड्र्यू कार्नेगींच्या देणगीने बंद झाली.

त्या व्यासपीठावर कोण कोण उभे राहिले? गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस १८६३ च्या फेब्रुवारीत, मुक्तीचा जाहीरनामा निघून महिना झाला असताना. लाकोटा आदिवासींचे प्रमुख रेड क्लाउड १८७० च्या जूनमध्ये, आपल्या लोकांची जमीन कशी गेली हे सांगायला. आदिवासींना न्याय मिळावा म्हणून कूपर यांनी आधीच एक समिती उभी केली होती, आणि तेव्हा हे लोकप्रिय काम नव्हते. १९०९ साली क्लारा लेमलिक या तरुण कामगार मुलीने भाषणबाजीला कंटाळून याच सभागृहात संपाची मागणी केली आणि हजारो शिवणकामगार स्त्रिया रस्त्यावर उतरल्या.

म्हातारपणी कूपर मोफत व्याख्यानांना स्वतः येऊन बसत. अंगावर जुन्या पद्धतीचा कोट, सोबत हवा भरलेली रबरी गादी, कारण लाकडी खुर्ची त्यांना टोचत असे. १८७६ साली, ८५ व्या वर्षी, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभ्या असलेल्या ग्रीनबॅक पक्षातर्फे ते राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. मते ऐंशी हजारांच्या घरात पडली. हरणार हे त्यांनाही कळत असणार.

४ एप्रिल १८८३ रोजी, ९२ व्या वर्षी ते गेले. त्यांचा पुतळा इमारतीसमोरच्या चौकात १८९७ साली बसला. तो घडवणारे शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स. चांभाराचा मुलगा. तेराव्या-चौदाव्या वर्षी शंख-शिंपल्यांवर कोरीवकाम करणाऱ्याकडे दिवसभर राबून रात्री कूपर युनियनच्या चित्रवर्गात येऊन बसायचा. चांभाराच्या पोराने सरस करणाऱ्याचा पुतळा घडवला, हे वाचून मी पुस्तक जरा वेळ बाजूला ठेवले होते. मायकेल प्यूपिन हा सर्बियाच्या खेड्यातला पोरगा १८७४ साली न्यूयॉर्कला उतरला. दिवसा बिस्किटांच्या कारखान्यात काम आणि रात्री कूपर युनियनचे वाचनालय, असे त्याचे दिवस गेले. पुढे तो कोलंबियात प्राध्यापक झाला आणि बाबासाहेब तिथे शिकत होते त्या वर्षांत तिथेच शिकवत होता.

गोष्ट इथे थांबली असती तर बरे होते. २००६ साली विश्वस्तांनी साडेसतरा कोटी डॉलरांचे कर्ज काढले. संस्थेच्या मालकीची जमीन, जिच्यावर प्रसिद्ध क्रायस्लर इमारत उभी आहे, ती तारण ठेवली. समोर झगमगीत नवी इमारत बांधली आणि हिशेब कोलमडला. २०१३ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाले की पुढच्या वर्षापासून पदवीच्या नव्या विद्यार्थ्यांना निम्मी फी भरावी लागेल. विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कचेरीत दोन महिन्यांवर ठाण मांडले. २०१४ साली प्राध्यापक, माजी आणि चालू विद्यार्थी मिळून न्यायालयात गेले. हातात कागद होता १८५९ चा. राज्याच्या महान्यायवाद्यांनी चौकशी केली आणि २०१५ साली तडजोड झाली. विश्वस्त मंडळावर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी, हिशेबावर बाहेरचा देखरेखकार, आणि मोफत शिक्षण परत आणण्याचा मार्ग शोधणारी समिती अशा तिच्या अटी होत्या. २०१८ साली विश्वस्तांनी दहा वर्षांत फी पूर्ण रद्द करण्याचा आराखडा मंजूर केला. २०२४ साली, ठरल्यापेक्षा आधी, शेवटच्या वर्षाला असलेल्यांची फी माफ केली.