१८७९ मध्ये पुरलेलं तणाचं बी अजून उगवतंय, ही गोष्ट आहे बील मास्तरांची

शिरूर कासारच्या कुठल्याही शिवारात पहिल्या पावसानंतर आठ दिवसांनी जा. कपाशी अजून नीट दिसतही नसते, पण घोळ आणि माठ हजर असतात. गेल्या साली खुरपलं, त्याच्या आदल्या सालीही खुरपलं, बायांची मजुरी दिली. मग हे बी येतं कुठून?

मिशिगनच्या शेतकऱ्यांनाही हाच प्रश्न होता आणि विल्यम जेम्स बील यांनी तो मनावर घेतला.

बील १८३३ मध्ये मिशिगनमधल्या एड्रियनला जन्मले. हार्वर्डला एसा ग्रे यांच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकले आणि १८७० मध्ये मिशिगनच्या शेतकी कॉलेजात लागले. मक्याच्या संकरावर त्यांनी केलेलं काम मोठं आहे, पण नाव राहिलं ते बाटल्यांमुळं.

१८७९ मध्ये त्यांनी २० बाटल्या घेतल्या. प्रत्येकीत ओलसर वाळू आणि वीसहून जास्त वनस्पतींच्या प्रत्येकी ५० बिया. यात आपली घोळही होती आणि माठाचा एक भाऊबंदही. पाणी साचू नये म्हणून तोंडं खाली करून बाटल्या पुरल्या. दर पाच वर्षांनी एक काढायची आणि काय उगवतं ते बघायचं, एवढाच बेत. घोळ आणि माठाचं बी जमिनीत कित्येक वर्षं टिकतं, हे यातूनच दिसलं.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. तणाचं बी नुसत्या ओलीवर उगवतंच असं नाही. कुणाला उजेडाची तिरीप लागते, कुणाला थंडी, तर कुणाचं टरफल झिजावं लागतं. बाभळीचंच घ्या. शेळीच्या पोटातून आलेलं बी लवकर उगवतं, म्हणून रोपवाटिकेवाले ते वाड्यातून गोळा करतात, नाहीतर गरम पाण्यात भिजवतात. नांगरट हीसुद्धा तणाच्या बियांवर नकळत केलेली बीजप्रक्रियाच, कारण खोल दबलेलं बी वर येतं आणि त्याला उजेड मिळतो. पेरणीआधी पहिलं तण उगवू देऊन वखराची पाळी घालणारे जुने शेतकरी अडाणी नव्हते, ते हाच हिशेब करत होते.

बील १९१० मध्ये निवृत्त झाले आणि १९२४ मध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी वारले. प्रयोग मात्र एका शास्त्रज्ञाकडून दुसऱ्याकडं जात राहिला. बाटल्या पुरतील ना, या काळजीनं पाच वर्षांचं अंतर आधी दहा आणि मग वीस वर्षं झालं. जागा गुप्त ठेवतात आणि बाटली रात्रीच्या अंधारात काढतात, बियांना आधीच उजेड लागू नये म्हणून.

२००० मध्ये काढलेल्या बाटलीतल्या बियांना नंतर मुद्दाम थंडी दिली, तेव्हा गप्प पडलेलं माल्वा नावाच्या तणाचं एक बी उगवलं. म्हणजे ते मेलं नव्हतं, फक्त वाट बघत होतं. २०२० ची बाटली कोरोनामुळं २०२१ मध्ये निघाली. १४१ वर्षांनंतरही तिच्यातून व्हर्बास्कम नावाच्या तणाची रोपं आलीच.

आता चार बाटल्या उरल्यात. पुढची २०४० मध्ये निघेल, शेवटची २१०० मध्ये.